ड्युटीवर श्वास कधी घ्यायचा? वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पहिली ड्युटी लिस्ट हातात पडली की नव्या स्टाफला सगळे एकच सल्ला देतात: "टेन्शन घेऊ नको, सवय होईल." सवय होते हे खरं. कशाची होते, ते मात्र कोणी सांगत नाही. काहींना गडबडीतही डोकं ठिकाणावर ठेवायची सवय होते, काहींना पेशंटच्या चेहऱ्याकडे न बघता सलाईन लावायची. दोन्ही सवयी पहिल्या काही महिन्यांतच लागतात. म्हणून ड्युटीवर सजग कसं राहायचं, म्हणजे माइंडफुलनेस, हे सगळं नव्या सिस्टर-ब्रदरसाठी लिहिते आहे. कंत्राटावर लागलेल्या मामा-मावशींना (वॉर्डबॉय, आया) आणि टेक्निशियननाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माइंडफुलनेस म्हटलं की डोळ्यांसमोर शांत खोली, चटई आणि मंद संगीत येतं. मेडिसिन वॉर्डात यातलं काहीच मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. मन आत्ता कुठे भरकटलंय हे ओळखायचं आणि त्याला हातातल्या कामावर परत आणायचं, एवढंच त्याचं मूळ काम. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये यावर आठ आठवड्यांचा कोर्स बसवला. तो मुळात जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी होता. आपल्याकडे इगतपुरीला धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या पद्धतीची विपश्यना शिबिरं १९७६ पासून चालू आहेत. तिथल्या दहा दिवसांतले पहिले तीन दिवस नुसता श्वासच बघायचा असतो. पुढे कधी जमलं तर जरूर जा. पण नोकरी लागल्या लागल्या दहा दिवसांची रजा मागायला मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये जाण्याची हिंमत कोण करणार?

फायदा किती, तेही आधीच सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. 'जामा इंटरनल मेडिसिन' या नियतकालिकात २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. काळजी, उदासी आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. झोपेवर आणि एकाग्रतेवर ठोस पुरावा मिळाला नाही. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस, असंही दिसलं नाही. तेव्हा ध्यान म्हणजे जादू नाही. फुकट आहे, रोज करता येतं आणि ड्युटी करता करता करता येतं, हे त्याचे गुण.

पहिलं काम: ताणाचे दोन ढीग करा

सरावाला लागण्याआधी एक छोटी डायरी घ्या. ड्युटी संपल्यावर त्या दिवशी छाती कशाने धडधडली ते दोन ओळींत लिहा. उदाहरणार्थ, "डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं." "बेड नंबर ९ चे नातेवाईक अंगावर आले." "इव्हनिंगला पूर्ण वॉर्डात मी आणि एक स्टुडंट." "पहिली बॉडी पॅक केली." आठवडाभर लिहून झालं की प्रत्येक ओळीसमोर एक खूण करा: हे श्वासाने हलकं होण्यासारखं आहे की कागदावर मांडण्यासारखं?

डॉक्टर ओरडले तेव्हा हात थरथरले, पुढचं इंजेक्शन भरताना मन तिथेच अडकलं, हे श्वासाचं काम. पण पूर्ण वॉर्डात एकच स्टाफ, हे कितीही खोल श्वास घेतला तरी सुटत नाही. ते कागदाचं काम आहे. या दोन ढिगांची सरमिसळ झाली की माणूस स्वतःलाच कमकुवत समजायला लागतो. काही ठिकाणी प्रशासनालाही ही सरमिसळ सोयीची असते. स्टाफ भरायचा नाही आणि वर्षातून एकदा 'ताणमुक्तीची कार्यशाळा' घ्यायची, तीही नाइट करून आलेल्यांना सकाळी दहाला थांबवून. त्या कार्यशाळेत कोणी पेंगताना दिसलं, तर तिला आपली खरी गरज कळली असं समजा.

दुसरं: घरी पाच मिनिटं

वॉर्डातली युक्ती चालायला हवी, तर मनाला आधी थोडा सराव लागतो. तो घरी किंवा होस्टेलवर करायचा. वेळ ठरवू नका, कारण तुमच्या शिफ्ट बदलत राहणार. त्यापेक्षा एखाद्या कामाला तो जोडा. युनिफॉर्म चढवण्याआधी, असं ठरवलं की मॉर्निंग असो वा नाइट, सराव आपोआप होतो.

खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा. पाठ ताठ पण अकडलेली नको. डोळे मिटा किंवा समोरच्या जमिनीवर नजर ठेवा. श्वास नाकाच्या टोकाशी जाणवतो का पोटाशी, ते बघा. जिथे नीट जाणवतो तिथे लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका. थोड्याच वेळात मन "काल त्या बाईंचं कॅथेटर काढलं का?" असं विचारत पळेल. पळालं हे लक्षात आलं की वैतागू नका, परत श्वासाशी या. असं वीस वेळा झालं तरी सराव बरोबरच चालला आहे. पळालेलं मन लक्षात येणं, यालाच सराव म्हणायचं.

शेवटच्या मिनिटात एक वेगळी गोष्ट करा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. हे मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे होतं, शरीरक्रियाशास्त्रात शिकला असाल. वॉर्डात घाईच्या वेळी हीच मोजणी कामाला येते, म्हणून घरी ती अंगवळणी पाडा.

एक इशारा. लहानपणीचा छळ, अपघात, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू असं काही मागे असेल तर डोळे मिटून बसल्यावर तेच समोर येऊ शकतं, छातीत दडपल्यासारखं होऊ शकतं. तसं झालं तर लगेच डोळे उघडा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, तळपायांखालची फरशी जाणवू द्या. तुमच्यासाठी उघड्या डोळ्यांचा, चालताना करायचा सरावच बरा. ओढूनताणून बसण्यात काही शौर्य नाही.

तिसरं: हात चोळताना

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितलेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त किंवा शरीरस्रावाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. एका शिफ्टमध्ये हे किती वेळा होतं बघा. इन्चार्ज सिस्टर ज्याबद्दल रागावणार नाहीत असा हा एकमेव 'रिकामा' वेळ तुमच्याकडे आहे, आणि तो नियमानेच दिलेला आहे.

बाटलीचा पंप दाबला की ठरवा, हे हात सुकेपर्यंत फक्त हात. तळव्यावर पडणारा गार द्रव, त्याचा उग्र वास, बोटांच्या फटींतून फिरणारी बोटं, दोन्ही अंगठे, नखांची टोकं. स्पिरिट उडतं तसा हात आणखी गार पडतो, तो क्षण पकडा. मन मागच्या पेशंटकडे ओढ घेईल, त्याला परत अंगठ्यावर आणा. हात सुकले की मान वर करून पुढच्या पेशंटचा चेहरा बघा, मगच पडदा सरकवा. यात संसर्गनियंत्रणही नीट होतं. घाईत बहुतेकांचे अंगठे आणि बोटांची टोकंच सुटतात.

सुरुवातीला प्रत्येक वेळी जमणार नाही. शिफ्टमधल्या पहिल्या आणि शेवटच्या हँडरबला जमलं तरी चालेल. वाढवत न्या.

एन-९५ मास्क लावून तासन् तास उभं राहावं लागतं तिथे श्वासावर लक्ष देणं उलट त्रासाचं होतं. गरम, कोंदट वाटतं आणि घुसमट वाढते. तिथे श्वास सोडा, तळपाय धरा. बुटातली बोटं, टाच, कोणत्या पायावर जास्त वजन पडलंय. आयसीयूत आणि ओटीत हेच उपयोगी पडतं.

चौथं: औषधं भरताना

नव्या स्टाफची सगळ्यात मोठी भीती असते चुकीच्या डोसची. ती भीती वाईट नाही, तिला कामाला लावा. ट्रॉलीपाशी उभं राहिलात की एक लांब उच्छ्वास, मग लेबल ओठ हलवत वाचा: नाव, ताकद, मुदत. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाठ आहेच. पण पाठ असलेलं आपण न बघताच म्हणतो. इन्शुलिनचं घ्या. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची आणि एका मिलीत १०० युनिटची, अशी दोन्ही बनावटीची इन्शुलिन मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे. हा फरक पाठांतराने कळत नाही, व्हायल आणि सिरिंज हातात धरून बघावी लागते.

मध्येच कोणी हाक मारली तर? "काका, हे इंजेक्शन भरून होऊ दे, दोन मिनिटांत आले." एवढंच, नजर सिरिंजवरून न हलवता. अर्ध्यावर सोडावं लागलंच तर परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. जोडीला सिनिअर असतील तर धोक्याच्या औषधांना, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, हेपारिन, इन्शुलिन यांना, दुसऱ्या माणसाचे डोळे मागून घ्या. कोणी हसलं तर हसू द्या.

पाचवं: नातेवाईक अंगावर येतात तेव्हा

कॅज्युअल्टीत आणि रात्रीच्या वॉर्डात हा प्रसंग येणारच. एक्स-रेला उशीर, रक्ताची पिशवी मिळत नाही, डॉक्टर ओटीत. आणि समोर दिसता तुम्ही. ओरडणाऱ्याचा राग निम्म्याहून अधिक भीतीचा असतो, हे खरं असलं तरी त्या क्षणी ते आठवत नाही. आठवतात ते पाय. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट. गुडघे ताठ नकोत. मग एक लांब उच्छ्वास, आवाज न करता. मग बोला, त्यांच्यापेक्षा हळू आणि खालच्या पट्टीत. "दादा, तुमच्या आईंना त्रास होतोय ते मी बघतेय. डॉक्टरांना कॉल दिलाय. तोवर मी त्यांचा ऑक्सिजन बघते, तुम्ही इथे थांबा." वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: त्यांचं दुखणं दिसलं, काय केलं, आता काय होणार. "मला काय विचारता, डॉक्टरांना विचारा" हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते पेट्रोल आहे.

उभं राहताना दाराकडे तुमची पाठ असू द्या, म्हणजे बाहेर पडायला वाट राहते. घोळका झाला, कोणी हात उगारला, काही फेकलं, तर सजगता म्हणजे तिथून निघून जाणं. सिक्युरिटीला हाक, मग इन्चार्ज, मग लेखी नोंद. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्याविरुद्ध वेगळा कायदा आहे. नर्स आणि नर्सिंग विद्यार्थीही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. "जाऊ दे, पेशंटचे नातेवाईक आहेत" असं म्हणून मिटवायला सांगणारे भेटतील. नोंद तुमच्या हातची आहे, ती कराच.

प्रसंग निवळल्यावर लगेच पुढच्या बेडकडे धावू नका. शरीरात अड्रेनलिन उसळलेलं असतं, हात थरथरतात आणि त्याच हातांनी तुम्ही व्हेन शोधायला जाता. सोबतच्या सिस्टरला सांगा, "दोन मिनिटं वॉर्ड बघता का ताई?" पाणी प्या, चेहऱ्यावर पाणी मारा, चार-सहाची मोजणी दहा वेळा करा. मगच परत जा.

सहावं: पेशंट गेल्यावर

यावर कॉलेजात फारसं बोललं जात नाही. डोळे मिटायचे, नळ्या काढायच्या, लेबल बांधायचं, कागदपत्रं पूर्ण करायची, हे शिकवतात. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना "आजोबा, जरा कुशीवर वळा" म्हटलं होतं त्यांचंच हे करताना आत काय होतं, ते कोणी विचारत नाही. मामा स्ट्रेचर घेऊन येतात, बेड रिकामा होतो आणि खालून नवीन ॲडमिशनचा फोन येतो.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली. मृत्यू झाल्यावर टीममधला कोणीही म्हणतो, जरा थांबूया. मग सगळे मिनिटभर गप्प उभे राहतात, गेलेल्या माणसासाठी आणि ज्यांनी प्रयत्न केले त्यांच्यासाठी. कोणत्याही धर्माची प्रार्थना नाही, भाषण नाही. नंतर ही पद्धत अनेक देशांतल्या रुग्णालयांनी उचलली. आपल्याकडे करायला कोणाची परवानगी लागत नाही. टीम तयार नसेल तर एकटीने करा: नळ्या काढून झाल्या, चादर नीट केली की पायाशी क्षणभर उभं राहायचं, त्यांचं नाव मनात घ्यायचं, तीन श्वास. मावशी बरोबर असतील तर त्यांनाही सांगा. त्या बहुतेक वेळा आधीच हात जोडून उभ्या असतात.

रडू आलं तर येऊ द्या. नातेवाईकांसमोर डोळे पाणावले म्हणून कोणी तुम्हाला कच्चं समजत नाही. पण लहान मूल गेलं असेल, किंवा एकाच शिफ्टमध्ये दोन-तीन मृत्यू झाले असतील, तर त्या रात्री एकट्या खोलीवर जाऊ नका. कोणाशी तरी बोला, सोबत जेवा. आणि पुढचे काही दिवस तोच प्रसंग झोपेत दिसत राहिला, तर शेवटचा भाग वाचा.

सातवं: नाइट

नाइटचं शास्त्र मोठं आहे, इथे कामापुरतं सांगते. पहिल्या नाइटच्या दुपारी दीड-दोन तास झोपा. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे तीन ते पाच सगळ्यात जड जातात. औषधांचं आणि हिशेबाचं काम त्या वेळेत एकट्याने करू नका. आलटून पालटून वीस मिनिटं डुलकी घ्यायची मुभा असेल तर घ्या, उठल्यावर लगेच इंजेक्शन भरायला जाऊ नका. आणि सकाळी स्कूटीवरून घरी जाताना डोळे जड झाले असतील, तर गाडी स्टँडला लावा आणि रिक्षा किंवा बसने जा. यावर ध्यानाचा उपाय नाही.

आठवं: ओव्हर दिल्यावर

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवताना, कागदावर उतरवून द्या, तोंडी आठवणीवर नाही. डोक्यातलं वॉर्ड कागदावर उतरलं की ते घरी येत नाही. युनिफॉर्म रुग्णालयातच बदला. गेटच्या बाहेर पाऊल पडल्यावर पहिली शंभर पावलं नुसती मोजा, फोन पर्समध्ये. मग वाटेल ते करा, मैत्रिणीला फोन लावा, वडापाव खा. वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुट्टीच्या दिवशी म्यूट ठेवा. अगदीच गरज पडली तर इन्चार्ज फोन करतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

नववं: कागदाचा ढीग

आता डायरीतल्या दुसऱ्या खुणेकडे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण-रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्ही बघताच. एकट्या नव्या माणसाने यावर भांडायला जाऊ नये. पण ज्या शिफ्टला स्टाफ धोकादायकरीत्या कमी होता, त्या शिफ्टची नोंद रिपोर्ट बुकात तारीख, पेशंटसंख्या आणि स्टाफसंख्येसह करा. तक्रारीचा सूर नको, नुसते आकडे. सिनिअर आणि संघटना जेव्हा वर मागणी नेतात तेव्हा असे आकडेच लागतात, आणि काही विपरीत घडलं तर तेच तुमचं संरक्षण करतात.

सुई टोचली तर लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोणी लगट केली, घाणेरडं बोललं, मग तो कितीही मोठा सर्जन असो, दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. अशा गोष्टींवर शांत बसून श्वास बघायला कोणी सांगितलं, तर ते ऐकू नका.

दहावं: मदत कधी मागायची

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणचा परिणाम म्हटलं. त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर पेशंटचं नाव जाऊन नुसता "बेड ९" उरतो, बेल वाजली की चीड येते, आणि सुट्टीच्या दिवशीही उद्याच्या ड्युटीने पोटात गोळा येतो.

असं दोन-तीन आठवडे सलग वाटलं, झोप उडाली, जेवण तुटलं, झोपेसाठी वॉर्डातल्या गोळ्यांकडे हात जाऊ लागला, किंवा जगणं नको असं एकदा जरी मनात आलं, तर सराव बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढा. बरोबर एखाद्या बॅचमेटला न्या. नंबर लागेपर्यंत बाकावर तासभर बसावं लागतं, आणि तेवढ्यात उठून परत यावंसं वाटतं.